नायगावच्या सहलीसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

धारूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या सहावी ते आठवीच्या ४० मुलींना येत्या जानेवारीत नायगावला न्यायचं शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवलं आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ असलेलं हे नायगाव म्हणजे सावित्रीबाई फुले यांचं माहेर. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्या जन्मल्या. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झालं, तेव्हा वय अवघं नऊ. त्यांचं ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेलं आहे.

आमच्या निम्म्याहून जास्त मुलींचे आईवडील दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुली आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. काहींना सोबत जावं लागतं, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकटी भावंडं सांभाळायला. साताऱ्या-सांगलीकडचा रस्ता या पोरींना नवा नाही. पण तो पाहिलाय ट्रकमधून, भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यावर बसून. त्याच बाजूला एकदा तरी त्यांनी एसटीत खिडकीपाशी बसून, हातात वही घेऊन जावं, अशी आमची फार इच्छा आहे.

मागच्या हंगामात सातवीतली एक मुलगी अशीच आईबापासोबत गेली. गुढीपाडव्याच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेली जोडपी, परतले, ती मात्र शाळेत आली नाही. तिचं लग्न उरकलं होतं. तिची मराठीची वही अजून मॅडमच्या कपाटात आहे. शेवटचा निबंध सावित्रीबाईंवरचा, अर्ध्यात सुटलेला.

आमच्या मुलींना सावित्रीबाई माहीत आहेत त्या भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतल्या. लग्नानंतर अक्षरओळख झालेली आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली ही बाई आपल्यासारखीच खेड्यातली पोर होती, हे ते घर पाहिल्यावर मनात उतरतं. समितीतले आम्ही तिघं आधी पाहून आलो. आमच्यातल्या एक ताई स्वतः कित्येक हंगाम उसाच्या फडात राबलेल्या. त्या जात्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सासूचं असंच होतं.” मग बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत.

येताना पुण्यात गंज पेठेतला फुले वाडाही दाखवणार आहोत. १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद तिथलाच. ३ जानेवारीला नायगावात मोठी गर्दी असते, म्हणून आम्ही दुसरा आठवडा धरला आहे.

शालेय सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते. तरी भाडं, एक मुक्काम आणि दोन दिवसांचं जेवण धरून ४२ हजार रुपये लागतील. गावातून १७ हजार जमले, त्यात ऊसतोडीला निघण्याआधी आयांनी दिलेल्या पन्नास-शंभराच्या नोटाही आहेत. मुलींकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असं ठरलं आहे. २५ हजार कमी पडताहेत.

एका मुलीचा खर्च साधारण १,०५० रुपये येतो. जमेल तेवढं द्या. पैसे देणं शक्य नसेल तर वापरलेले पण धड स्वेटर द्या, पहाटे निघायचं आहे आणि बऱ्याच जणींकडे नाहीत. मदत २५ डिसेंबरपर्यंत शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांकडे जमा करावी, पावती लगेच मिळेल. सहलीनंतर सगळा हिशोब शाळेच्या फलकावर लावू.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती