बाबा, बेटावर चढायचं नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा मध्येच तोडतात आणि आई लगेच त्यांची बाजू घेते. म्हणून लिहितेय. बोटीची तिकिटं काल काढली. इथे कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या लेक टाहो तळ्यावर आपण जाणार, त्याच्या एमरल्ड बे या खाडीतही जाणार, पण खाडीतल्या फॅनेट बेटावर उतरणार नाही. बोट बेटाजवळून नेते, तिथे थांबत नाही.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका. पुढे वाचा.

गेल्या शनिवारी मी कायाक भाड्याने घेऊन बेटावर जाऊन आले, फक्त तुम्हाला झेपेल का ते बघायला. पाण्यापासून माथा जेमतेम 150 फूट, पण सगळा ग्रॅनाइटचा खडक. उतरायला धक्का नाही. पाण्यात पाय टाकला तर जुलैमध्येसुद्धा पोटरीपर्यंत कळ गेली. शेवटच्या चढाला मला दोन्ही हात टेकावे लागले. शिवाय रस्त्यावरून खाडीच्या काठाशी यायचं तर मैलभर उतार, आणि येताना तोच चढ. आईच्या गुडघ्यांना हे मी करायला लावणार नाही.

आणि उंची! त्या तळ्याचं पाणीच 6,225 फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा 5,400. तुमच्यात दम नाही असं मी म्हणत नाही, बाबा. कळसूबाईच्या शिड्यांवर मी रडायला लागले तेव्हा खालच्या पायरीवर माझ्यामागे कोण उभं होतं, ते मी विसरलेली नाही. पण गेल्या पावसाळ्यातली ती रात्रही विसरलेली नाही.

माथ्यावर एक दगडी खोली आहे. लोरा नाइट नावाच्या बाईंनी 1929 साली समोरच्या काठावर मोठा वाडा बांधला आणि पाहुण्यांना होडीने बेटावर नेऊन चहा द्यायचा म्हणून ही खोली. आता छप्पर नाही, नुसत्या भिंती उरल्यात. मी थर्मासमधून गवती चहा घातलेला आपला चहा नेला होता. खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून खाली बघितलं, तर पाणी काठाला हिरवं आणि पुढे निळंशार. एकदम वेण्णा लेक आठवला. बाबा वल्हवतायत, मी आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेय, आणि बाबा सांगतायत, "सोने, डोळे उघड, काही होत नाही." चहा तसाच राहिला. तुमच्याआधी मी हे पाहिलं, याची टोचणी अजून गेलेली नाही.

तुमच्या कपाटातल्या दगडांसाठी एक खडा आणायचा मोह झाला होता. पण ते राज्य उद्यान आहे, तिथून काही उचलायला मनाई आहे. हात फिरवून बघितला मात्र. उन्हाने तापलेला, आपल्या जुन्या पाट्यासारखा खरखरीत, आणि आत अभ्रकाचे कण चमकत होते.

बोटीत बसायला नीट बाकं आहेत, आत काचेची खोली आहे, स्वच्छतागृहही आहे. आई, ते मी मुद्दाम बघून आले. वर पोचल्यावर पहिला दिवस नुसता आराम. राहायची खोली तळमजल्याला घेतलीय, स्वयंपाकाची सोयही आहे, मऊ भात रोज होईल. बेटावर उतरायचा विचार होता तेव्हाच मे महिन्याचा हट्ट मी मोडला, कारण 1 फेब्रुवारी ते 15 जून बेटावर कॅनडा गूज पक्षी अंडी घालतात म्हणून ते बंद असतं. सप्टेंबरच बरा.

आता ऐका. डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर आपण खाली समुद्रकाठी राहू, तिकिटांचे पैसे गेले तरी चालतील. गोळ्या लागतील त्याच्या दुप्पट बरोबर आणा, त्याही हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही. कानटोपी हवीच. आई, लोणच्याची बरणी नको, कपडे खराब होतात.

बाबा, राग आला असेल तर स्वतः फोन करा. आईच्या हाती निरोप नको. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुमची,
सोनी