व्हेनिसमधल्या अनोळखी मदतनीसांचे आभार

काम्पो सान्ता मार्गेरीताच्या चौकात गप्पा रंगल्या, चिकेत्तीच्या (इथल्या चटकमटक खाऊच्या) बशा रिकाम्या झाल्या आणि निघालो. वाटेत ‘पाँते देई पुन्यी’ या पुलाच्या पायरीवर मैत्रिणीचा पाय चांगलाच मुरगळला. हा ठोशांचा पूल! कास्तेल्लानी आणि निकोलोत्ती या दोन गटांची इथे मारामारी चाले. १७०५ नंतर तिच्यावर बंदी आली. पाय रोवायच्या जागा दाखवणारे पांढऱ्या दगडातले ठसे अजून आहेत. (आमच्यात भांडण झालं नव्हतं, शप्पथ!)

या शहरात टॅक्सी म्हणजे बोट, रुग्णवाहिका म्हणजेही बोट. तिथवर पोचायचं कसं?

जवळच्या बारमधल्या काकांनी स्वच्छ फडक्यात बर्फ बांधून दिला. पैसे काढले तर चक्क रागावले. दोन विद्यार्थ्यांनी चार हातांची खुर्ची करून तिला का' रेझ्झोनिकोच्या धक्क्यापर्यंत नेलं. वापोरेत्तोवरच्या (म्हणजे इथल्या प्रवासी बोटीवरच्या) ताईंनी ती नीट बसेपर्यंत दोर सोडला नाही आणि एका आजींनी आपली जागा दिली, तीही हुकूम सोडल्यासारखी.

तुमची नावं ठाऊक नाहीत, आमची इटालियन ‘ग्रात्सिए’पुढे सरकत नाही. म्हणून मराठीतच: मनापासून आभार. पाय बरा आहे, बाईसाहेब पुन्हा उंच टाचा घालून हिंडतायत.