खोपोलीला फाट्यावर ढकलू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यावरचा लेख आवडला. पेठा, सराफ, पंतोजी, पहिल्या शाळा, सगळे वाचताना मजा आली. पण एका वाक्यापाशी अडलो ते अडलोच. 1858 साली आगगाडी पुण्याला पोचली आणि मुंबईकर बोरीबंदरला बसला की थेट पुण्यात उतरू लागला, अशा अर्थाचे ते वाक्य. मी खोपोलीत राहतो. इथल्या शाळेत तीसेक वर्षे गणित शिकवले. हे वाक्य आमच्या गावाच्या डोक्यावरून गेले आहे, आजची पुण्याची गाडी जाते तसेच.

1858 च्या जूनमध्ये सुरू झाली ती खंडाळा ते पुणे एवढीच गाडी. खालून मुंबईची गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत येई, ती 1856 पासूनच. मधे बोरघाट. तिथे रूळ नव्हते. म्हणजे पुण्याला निघालेला माणूस खोपोलीत उतरायचा, बोजा खाली घ्यायचा आणि पालखी, तट्टू, नाहीतर बैलगाडी यांतले खिशाला परवडेल ते ठरवून घाट चढायचा. ज्याला काहीच परवडत नसे, तो पायी. वर खंडाळ्याला पुन्हा दुसऱ्या गाडीत बसायचे. हे असे जवळजवळ पाच वर्षे चालले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कुठे मुंबई-पुणे ही सलग वाट झाली.

तुमच्या लेखकांना ही पाच वर्षे किरकोळ वाटली असतील. पण त्यांनी ज्या बाजारपेठेचे इतके रसभरित वर्णन केले आहे, तिचा माल याच वाटेने येत-जात होता. आगगाडी येण्याआधी पुण्याचा माल घाट उतरून पनवेल बंदरात जाई आणि तिथून मचव्याने मुंबईला. मीठ वर चढे ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. 1830 साली गव्हर्नर माल्कम यांच्या काळात घाटातला रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला, तसे गाडीवानही आले. खोपोलीत गाडी येऊ लागली आणि पनवेलचा काही व्यवहार आमच्याकडे सरकला. मग माल इथे उतरवा, मोजा, पुन्हा भरा. ज्या गावात माल हातोहात बदलतो, तिथे हमाल, गाडीवान, दलाल आणि चार चोर हे आलेच. लेखात सराफांनी नाणी बदलून देताना बट्टा कापल्याचे आहे, पण 1835 नंतर ईस्ट इंडिया कंपनीचा एकच रुपया आला तरी माप मात्र एक झाले नव्हते, हे नाही. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. आमच्या घरी तांदळाच्या डब्यात अजून एक पितळी मापटे आहे. ते कुठल्या गावच्या शेराचे, यावर माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ मरेपर्यंत भांडत होते.

इथेच माझी दुसरी तक्रार. पंतोजींच्या शाळेत पोरे 'अर्थ न कळता' पावकी, निमकी, दिडकी, औटकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे) घोकत, असे लेखक म्हणतात. अर्थ न कळता? रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असताना त्या पोराला दुसरे काय शिकवायचे होते? साडेतीन आणे शेर दराने सात शेर गूळ घेतला तर सात औट साडेचोवीस, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. दुकानदार तोंडाने सांगे, गिऱ्हाईक तोंडाने तपासे. कागद लागत नसे. छडी होती, अंगठे धरून ओणवे करणे होते, ते वाईटच. पण औटकीला वेडगळ म्हणू नये. ती गेली ती 1957 साली नवे पैसे आले आणि मागोमाग किलो आला म्हणून. कुणाला शहाणपण सुचले म्हणून नव्हे.

घाटाबद्दल थोडे जास्तच लिहितो, कारण लेखात तो नाहीच. इंजिनिअर जेम्स बर्कली. चढाची लांबी पावणेसोळा मैल, चढण 1831 फूट, सगळ्यात कठीण जागी 37 फुटांमागे एक फूट. बोगदे 25. आधीच्या कंत्राटदाराच्या काळात 1859 मध्ये मजुरीवरून मजूर बिथरले, दंगा झाला, त्याने काम सोडले. नंतर नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आले आणि हिंदुस्थानात पाऊल टाकल्यावर काही दिवसांतच वारले. काम पुरे करून घेतले त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी, दोन अनुभवी माणसे हाताशी धरून. ऐन भरात 42,000 माणसे घाटात राबत होती. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, किती गेली याची मोजदाद साहेबाने जितकी ठेवली तितकीच. वर खंडाळ्याच्या बाजूला गाडी एका टोकाला नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलटी काढावी लागे, ते थेट 1929 पर्यंत. आजही कर्जतला मागून इंजिने जोडतात, त्यासाठी गाडी थांबते आणि आपण वडा खातो.

शाळांच्या भागाविषयी एवढेच. 1848 साली जोतीरावांनी बुधवार पेठेत मुलींची शाळा काढली, हे लेखात नीट आले आहे. पण आगगाडीने 'शिक्षण दारात आणले' हे फारच सोपे झाले. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र घाट चढून जाई हे खरे, पण विद्यार्थ्याला तिकीट लावता येत नाही. घाटात गाडी सुरू झाल्यावर बारा वर्षांनी, 1875 साली, धोंडो केशव कर्वे मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले. शंभराहून जास्त मैल, पावसात, कुंभार्ली घाटाने. तिथे साहेबाला ते वयाने लहान वाटले आणि परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परत.

आणि खोपोलीहून पालखी उचलून घाट चढणाऱ्या भोयाच्या पोराचे काय? 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडले होते, की सारा भरतो रयत आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. तुमच्या लेखात आयोगाचा उल्लेख आहे, ते निवेदन मात्र नाही. जागेअभावी राहिले असेल. पुरवणीत त्याच पानावर पैठणीची अर्धे पान जाहिरात होती, म्हणून विचारले.

तर कृपया एवढी दुरुस्ती छापावी, की 1858 ते 1863 या काळात मुंबई-पुणे प्रवास खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये तुटलेला होता. आज लोक पळसदरीहून वळणाऱ्या आमच्या मार्गाला फाटा म्हणतात. वास्तविक पुण्याकडे निघालेली पहिली आगगाडी याच रुळांवरून आली. लेखकमहाशयांना सवड असेल तर कर्जतहून खोपोली लोकल पकडावी आणि रूळ जिथे संपतात तिथे उभे राहून वर घाटाकडे बघावे. तिथून नाना फडणवीसांचे तळे दाखवायला मी नेईन. चहा माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खोपोली