सामानगडाचा पराभव आहे तसा दाखवू द्या
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी इंग्रजांच्या वर्चस्वाविरुद्ध बंड केले आणि ते मोडले गेले. त्या बंडाचे प्रसंग येत्या ऑक्टोबरात एका शनिवार-रविवारी सामानगडावर उभे करण्याचे आम्ही गडहिंग्लज तालुक्यातील काही रहिवाशांनी ठरवले आहे. साहाय्यासाठी भेटलेल्या एका अधिकाऱ्यांनी मात्र शेवट विजयाच्या जल्लोषाने करावा, लोक पराभव पाहायला येत नाहीत, असे सुचवले. त्यावर आपण निर्णय द्यावा, म्हणून हे पत्र.

हे गडकरी म्हणजे कोणी सरदार नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी ती शिबंदी होती आणि त्या चाकरीबद्दल तिला जमिनी लावून दिलेल्या होत्या. छत्रपती अल्पवयीन असताना इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी गडकऱ्यांना मामलेदारांच्या हुकमतीखाली आणले, तेव्हा जमिनीबरोबर आपली ओळखही जाणार हे ओळखून सामानगड आणि भुदरगड येथील शिबंदीने दरवाजे लावून घेतले. हे लोण कोल्हापूर, पन्हाळा आणि सावंतवाडीपर्यंत पोहोचले, इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर बंडवाल्यांच्या कैदेत पडला. पण १३ ऑक्टोबरला सामानगड आणि १ डिसेंबरला पन्हाळा इंग्रजी फौजेने घेतला. पुढे गडांचे तट पाडण्यात आले, वंशपरंपरेची शिबंदी मोडली आणि बंड मोडण्याचा खर्चही संस्थानाच्याच माथी मारण्यात आला.

सामानगडावर येणाऱ्या मुलांना ढासळलेला तट दिसतो, परंतु तो कोणी आणि का पाडला हे सांगणारे कोणी नसते. रविवारी संध्याकाळी गडकऱ्यांनी शत्रूला पिटाळून लावल्याचे दाखवले, तर समोरच्या त्या भग्न तटाचा अर्थ त्यांना कसा लावता येईल? ज्या तालुक्यात नेसरीला १६७४ साली प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार धारातीर्थी पडले आणि ज्यांच्यापुढे आम्ही आजही माथा टेकतो, त्या तालुक्याला हार पाहवणार नाही, हे मला मुळीच पटत नाही.

प्रयोगात मामलेदाराचा हुकूम वाचून दाखवण्याला आम्ही लढाईइतकाच वेळ देणार आहोत, कारण बंडाचे मूळ त्या कागदात आहे. त्यासाठी कोल्हापूर पुरालेखागारातील मोडी कागदांच्या प्रती आणि ते वाचणारा एक जाणकार आपल्या विभागाने उपलब्ध करून द्यावा. गडावर बंदुकीच्या खऱ्या दारूचे बार काढू नयेत आणि मंडपासाठी तटात किंवा कातळात एकही खुंटी ठोकू नये, ही अट परवानगीत लेखी घालावी. ती आम्हीच मागत आहोत. निधी कमी मिळाला तरी चालेल, मात्र शेवट बदलण्याची अट त्याला जोडू नये, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
गडहिंग्लज तालुक्यातील एक रहिवासी