डोंगर हिरवा झाला, शेळीवालीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की पेपरात दर दोनतीन दिवसांनी एक फोटो येतो. खड्ड्यात रोप, रोपाभोवती आठदहा जण, मागे बॅनर आणि पुढे पांढऱ्या शर्टातला एक साहेब ज्याच्या बुटाला चिखल म्हणून लागलेला नसतो. खाली बातमी, अमुक संस्थेने तमुक गावात इतकी हजार झाडं लावली. मला ह्या फोटोंची टर उडवायची नाहीये, मी स्वतः असल्या फोटोत बऱ्याचदा उभा राहिलोय. आठेक वर्षं एका संस्थेत फील्डवर होतो, पाणलोटाचं काम, म्हणजे डोंगरावरून वाहून जाणारं पाणी आणि माती अडवायची, संस्थेचं नाव सांगत नाही कारण माणसं चांगली होती आणि चूक एकट्या त्यांची नव्हती, माझीपण होती. त्या फोटोत जे येत नाही ते कुठेतरी छापून यावं म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कुठूनही कापा पण शेवटून नको.

माथा ते पायथा काम करायचं हे आता शाळेतल्या पोरालापण पाठ आहे. वर डोंगरावर सलग समतल चर, त्याखाली दगडी बांध, मग नाल्यात गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध, नाहीतर मातीचा बांध. चर खणायच्या आधी समपातळीची रेघ आखावी लागते आणि त्याला काही मोठं यंत्र लागत नाही, तीन काठ्या इंग्रजी ए सारख्या बांधायच्या, वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड, दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. ती ए फ्रेम टाकत टाकत, फक्कीने पांढरी रेघ मारत अख्खा डोंगर पालथा घालायचा. मला ते काम जाम आवडायचं. रेघ जराशी चुकली तर पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला धावतं, चर फुटतो आणि माती अडवायला गेलेले आपण नवी घळ तयार करून येतो. माझा एक चर असा फुटला होता, तेव्हापासून पारावरचे म्हातारे रोज विचारायचे, काय इंजिनियर साहेब, तुमचा कॅनॉल कधी सुटतोय.

चर झाले, रोपं लागली, गवताचं बी टाकून झालं की पुढचं काम म्हणजे चराईबंदी. संस्थेला हे सगळ्यात स्वस्तातलं काम, ग्रामसभेचा ठराव झाला की झालं. आणि बंदी लागते हेही खरंच आहे हो, शेळ्या सुटल्या तर कोवळं रोप जगत नाही, गवत मूळ धरत नाही, ह्यात वाद नाही. हिवरे बाजार घ्या, राळेगण घ्या, नगर जिल्ह्यातली सगळी नावाजलेली गावं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीवरच उभी राहिलीत.

तर आमच्या गावात ग्रामसभा बसली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, पुढे विहिरीवाले, बागायतीवाले, बायका मागे भिंतीला टेकून. मी फ्लेक्सवर चित्र दाखवून समजावलं, तीनचार वर्षं डोंगर बंद ठेवायचा मग बघा. हात भराभर वर गेले. मागे एक मावशी बसली होती, जमीन नाही, नवरा नाही, सात शेळ्या. ती म्हणाली, गवत वाढलं की ह्यांच्या विहिरीला पाणी येणार, मग माझ्या शेळ्यांनी काय तुमचा ठराव खायचा का? सगळे हसले, मीपण हसलो. म्हटलं मावशी, तीन वर्षांनी तुम्हालाच भरपूर गवत कापून न्यायला मिळेल. ती म्हणाली, तीन वर्षं. बरं. आणि ठराव सर्वानुमते मंजूर असं मी प्रोसिडिंगला लिहिलं.

महिन्याभरात तिच्या पाच शेळ्या बाजारात गेल्या. दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली, त्याआधी ती कधी तोडीला गेलेली नव्हती. शेळी ही गरिबाची गाय असं आपण म्हणतो ना, पोरगं आजारी पडलं की एक बोकड विकायचं आणि दवाखाना करायचा, ती बाईची बँक असते. ती बँक आम्ही बंद केली आणि बदल्यात तीन वर्षांनंतरचा चेक दिला.

दुसऱ्या बाजूला काम झालंच नाही असंपण नाही. मी स्वतः विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचो, पातळी वाढली होती. कांदा आला, दोघातिघांनी डाळिंब लावलं. वर्षअखेरच्या रिपोर्टमधे मी लिहिलं की गावातून होणारं स्थलांतर कमी झालं, आणि विहिरीवाल्यांच्या बाबतीत ते खरंच होतं, म्हणून त्यात खोटं असं काही नव्हतं. मावशी रिपोर्टमधे कुठल्याच कॉलममधे बसत नव्हती.

ह्याचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली, खरं तर सोपं आहे. डोंगर सगळ्यांचा, श्रमदान सगळ्यांचं, पण जिरलेलं पाणी वर येतं ते सातबारा बघूनच. ज्याची जमीन त्याची विहीर, ज्याची विहीर त्याचं पाणी. म्हणजे पाणलोटाच्या कामात तुम्ही वेगळं काही ठरवलं नाही तर फायदा आपोआप खालच्या अंगाला जमीन असणाऱ्याकडे वाहत जातो आणि बंदीचा भार डोंगरावर जगणाऱ्यावर पडतो. कोणाचाही वाईट हेतू असायची गरज नाही.

आणि वेगळं ठरवता येतं बरं का. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखेंनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस बंद, आणि ज्याला जमीन नाही त्याचापण पाण्यात वाटा. त्या काळात हा केवढा मोठा विचार होता. हरियाणातल्या सुखोमाजरीचंपण तसंच. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत चालला म्हणून सरकारी शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा गाळ कुठून येतो ते बघत वर गेले आणि शेळ्यांनी उघडा पाडलेला डोंगर सापडला, मग ७० च्या दशकात तिथे बंधारा बांधून जे झालं त्यातली ग्यानबाची मेख हीच की बंधाऱ्याच्या पाण्यात जमीन असो नसो प्रत्येक घराला वाटा. भूमिहीन माणूस आपला वाटा दुसऱ्याला विकू शकत होता. मग डोंगराला कुंपण घालावं लागलं नाही, सगळं गावच राखण करायला लागलं, कारण राखण करण्यात प्रत्येकाचा काहीतरी फायदा होता. हिवरे बाजारलापण नुसती बंदी घालून थांबले नाहीत, शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची, असे नियम विहिरीवाल्यालापण लागू केले. त्याग एकट्या शेळीवालीच्या वाट्याला नाही आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जंगलाच्या बाबतीत गडचिरोलीचं मेंढा लेखा गाव सगळ्यांना माहितीये, त्यांची घोषणाच अशी की दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो आणि तो वनखात्याच्या हातात, शेवटी २०११ च्या एप्रिलमधे तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. ह्यात मला संस्थावाल्यांनी शिकण्यासारखं काय वाटतं, तर तिथे बाहेरून आलेल्या लोकांनी अभ्यासगट चालवले, कायदा वाचून दाखवला, निर्णय मात्र ग्रामसभा घ्यायची आणि तोपण सर्वसहमतीने. म्हणजे मतदान करून मागच्या भिंतीला टेकलेल्या बाईला हरवायचं नाही, तिचं समाधान होईपर्यंत बसायचं. आमच्याकडे ग्रामसभा सव्वा तासात आटोपली होती आणि त्याचं मला कौतुक वाटलं होतं.

आता कोणी म्हणेल संस्थेला इतका वेळ कुठून असणार, आणि ते खरंय. पैसा येतो तो मोजायला सोप्या गोष्टींसाठी येतो. झाडं किती, चर किती मीटर, पाणीसाठा किती टीसीएम म्हणजे किती हजार घनमीटर. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर म्हणजे समाजाच्या कामावर घालावे लागतात, चांगली गोष्ट आहे, पण त्यातला एकाहून जास्त वर्षं चालणारा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त ३ वर्षांचा. ३ वर्षांत डोंगरावर नुकतं कुठे गवत धरलेलं असतं, झाडं तर गुडघ्याएवढी, आणि खरी भांडणं त्यानंतर सुरू होतात, गवत कोणाचं, तळ्यातले मासे कोणाचे, बांध फुटला तर दुरुस्ती कोणी करायची. नेमकं तेव्हा संस्था जीप घेऊन पुढच्या गावाला गेलेली असते. सरकारचंपण वेगळं नाही, ५० कोटी झाडांच्या मोहिमेत एकट्या २०१९ ला ३३ कोटींचं टार्गेट होतं, लावल्याचे आकडे रोज यायचे, जगल्याचे आकडे शोधून काढावे लागायचे.

मला आता परत ते गाव दिलं तर मी काय करीन ह्याचा मी बराच विचार केलाय. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही, तीन तुकडे पाडून आळीपाळीने बंद करायचा म्हणजे शेळ्यांना कुठेतरी जायला राहतं, मेंढरं घेऊन दरवर्षी येणाऱ्या धनगरांनाही ठराव व्हायच्या आधी विचारायचं. रोपवाटिका बाहेरच्या नर्सरीकडून न घेता गावातल्याच बायकांच्या गटाला द्यायची, आणि गट म्हणजे सरपंचाच्या घरातला गट नाही. आणि गवताचा पहिला हक्क कोणाचा हे चर खणायच्या आधी, गवत उगवायच्या आधी लिहून घ्यायचं, कारण उगवल्यावर कोणी लिहून देत नाही. चराईबंदीच्या काळात ज्यांची जनावरं विकली जाणार त्यांना चाऱ्यासाठी पैसे हे प्रकल्पाच्या बजेटमधे पहिल्या ओळीत हवेत, फ्लेक्स आणि उद्घाटनाच्या मांडवाच्या आधी. ह्यात अवघड असं काही नाहीये, कोणी विचारत नाही म्हणून होत नाही.

विचारायचं काम तुमच्या वार्ताहरांनीपण करावं अशी विनंती आहे. गावावर स्टोरी करायची तर ऑगस्टमधे जाऊ नका, ऑगस्टमधे महाराष्ट्रातला कुठलाही डोंगर हिरवाच असतो. एप्रिलमधे जा. सरपंचाकडे चहा घ्यायच्या आधी ज्या वस्तीवर कोणाकडे जमीन नाही तिकडे जा, आधी शेळ्या किती होत्या आता किती आहेत विचारा, गवत कोण नेतं विचारा.

आमच्या गावात चौथ्या वर्षी गवत खरंच कमरेएवढं आलं. समितीने लिलाव ठेवला, नियमाप्रमाणे, पावती फाडून, आणि सगळं गवत खालच्या अंगाच्या एका दूधवाल्याने घेतलं कारण तेवढे पैसे एकदम त्याच्याकडेच होते. मावशी तोडीवरून परत आली होती, तिला मी तीन वर्षांपूर्वी दिलेला शब्द लक्षात होता की नव्हता मला माहीत नाही, तिने काढला नाही आणि मीपण काढला नाही. ती त्याच डोंगरावर त्या दूधवाल्याकडे रोजाने विळा चालवत होती. त्या आठवड्यात एक पत्रकार आले होते, त्यांनी डोंगराचा छान रंगीत फोटो काढला आणि तो छापूनही आला. कात्रण अजून आहे माझ्याकडे. फोटोत उजव्या कोपऱ्यात गवतात वाकलेली एक बाई दिसते, हिरव्या लुगड्यामुळे पटकन लक्षात येत नाही, ती तीच.

आपला,
एक जुना फील्डवाला