त्या चिंध्या आठवतात का तुला?

प्रिय दोस्ता,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही आणि मग पाच महिने गप्प बसलो, चूक माझीच. तब्येत बरी आहे, शुगर जरा वर, आईचा गुडघा तसाच. बाकी जाऊ दे, एक गोष्ट झालीय, घरात सांगून उपयोग नाही, तुलाच कळेल.

गेल्या गुरुवारी खानापूरच्या पलीकडं एका आरोग्य केंद्रात गेलतो, रजिस्टर बघायला. बाळंतपण नुकतंच उरकलेलं, वार पण पडलेली, सासूबाई कुंदा वाटायच्या घाईत. बाईच्या खाली आपली ती प्लास्टिकची शीट होती, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर गेलेलं रक्त मोजायच्या मिलीच्या रेघा. मी काहीतरी विचारत होतो तर सिस्टरनं मला मध्येच तोडलं, "सर, पाचशे झालं." बाई शांत पडलेली, नुसत्या डोळ्यांना काही दिसलंच नसतं बघ. सिस्टर पोट चोळायला लागल्या, गर्भाशय आवळायचं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायचं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, कुठे फाटलंय का ते बघणं, सगळं धडाधड. सातशेच्या जरा वर रक्त थांबलं.

मी बाहेर येऊन जीपच्या मागं उभा राहून रडलो गा.

२००१ ची ती नाइट आठवते ना, त्या बाळंतिणीची? गोधडी, लुगड्याच्या चिंध्या, रक्त किती गेलं तर तू म्हणालास दोनशे, मी म्हणालो तीनशे, आणि केसपेपरवर तीनशे लिहिलं, अक्षर माझं. पहाटे तिचा नवरा चहाची किटली घेऊन आला तेव्हा दारात आपण दोघंच होतो. त्यावर आपण आजवर एक शब्द बोललो नाही. भांडलो ते दुसऱ्याच गोष्टीवरनं. मी मिसोप्रोस्टॉलच्या, रक्तस्राव रोखायच्या त्या गोळीच्या, ट्रायलला लागलो तर तू तीन महिने अबोला धरलास, "अर्ध्या बायकांना खोटी गोळी देणार?" म्हणून. अरे, खेड्यात घरी बाळंत होणाऱ्या बाईला तेव्हा मिळत काय होतं? ऑक्सिटोसिनला थंड जागा पाहिजे, सुई पाहिजे. १६२० बायका, २००६ साली लॅन्सेट जर्नलमध्ये आलं, जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायका १२ टक्क्यांवरनं ६.४ वर. ती शीट पण आपल्याच बेळगावात त्या कामातनं तयार झाली, आणि तिनंच दाखवलं की डोळ्यांचा अंदाज साधारण एक तृतीयांश कमी पडतो. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ट्रायल नाही, तो केसपेपर दिसला. तुला फोन लावायला हात गेला होता, लावला नाही.

आता मार्चला प्रोजेक्ट संपतोय. पुण्याच्या कंपनीची ऑफर आहे, पगार दुप्पट, ही म्हणते जा. आणि मला वाटतं इतकी वर्षं मी एकाच बाईसाठी मोजत बसलो का? तू दवाखान्यात रोज माणसं बरी करतोस, ती नावानं हाक मारून जातात, माझ्या हाती नुसती रजिस्टरं. पण गुरुवारी ती सिस्टर रेघ बघून हलली ना, ती रेघ वाचायची कशी ते मीच शिकवलेलं तिला, गेल्या पावसाळ्यात, त्याच टेबलावर.

नवीन दवाखान्याचे फोटो बघितले, बोर्ड झक्कास झालाय. पोरगीला बारावीला शुभेच्छा, वैनीना नमस्कार.

पुण्याला पंधरा तारखेच्या आत कळवायचंय. त्याआधी फोन कर, नाहीतर सरळ ये. त्या रात्री तू दोनशे का म्हणालास, ते मला एकदा सांग. मी तीनशे का लिहिलं ते मी सांगतो.

तुझाच