मेलबर्न, हे आलंच

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांनी "किती लांब?" विचारलं आणि मी विषय बदलला. बोलायला जमेना, म्हणून लिहितेय. मेलबर्नच्या नोकरीवर सही केली आहे. जानेवारीत निघते.

मुंबईहून साधारण ९,८०० किलोमीटर. आकड्याने दचकू नका. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथे विमान बदलायला तीनेक, पुढे साडेसात. झाले सोळा. दिल्लीला शिकत होते तेव्हा राजधानीला जवळजवळ तेवढेच लागायचे, आणि आईने मला एकटीला पाठवलंच होतं ना? (विमानतळावर तीन तास आधी पोचणं आणि उतरल्यावरच्या रांगा मी धरलेल्या नाहीत. बाबा धरतीलच.) न्यूयॉर्क म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, शिवाय तुमचा दिवस ती माझी रात्र. मेलबर्नचं घड्याळ साडेचार तासच पुढे, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच.

रात्री नऊचा आपला फोन मात्र सुटेल. तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. त्याऐवजी सकाळी सातला करीन, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. आई, नेमकी त्याच वेळी आंघोळीला जाऊ नकोस. औषधं महिन्याच्या महिन्याला घरी येतील असं लावून ठेवलंय, वीजबिल मी भरेन, गीझर जायच्या आधी बदलून देते.

लहानपणी गाडीत दर स्टेशनाला मी "अजून किती?" विचारायचे आणि बाबा, तुम्ही न चिडता "हे काय, आलंच" म्हणायचात. मीही वर तेच करतेय, कळतंय मला. तर खरं ते सांगते. तातडीने यायची वेळ आली तर तिकीट मिळण्यापासून दाराशी पोचेपर्यंत एक दिवस लागेल, कदाचित दीड. येताना बऱ्याचदा वारं समोरून असतं, तेव्हा विमानालाही जास्त वेळ लागतो. पुण्याहून यायचे तसं दुपारी निघून संध्याकाळी घरात, हे होणार नाही. म्हणून काकांच्या वेळी केलंत तसं करू नका. "उगाच घाबरेल" म्हणून दोन दिवस थांबलात, तर ते दोन दिवस मला कुठलंच विमान परत देणार नाही. साधा ताप असला तरी कळवा.

आता कामाचं. पुढच्या नोव्हेंबरात तुम्ही यायचंय. तेव्हा तिथे वसंत असतो, जून-जुलैत थंडी. आईचा पासपोर्ट आत्ताच नवा करायला टाका. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. फार वेळ बसून पायांना सूज येते, रक्त साकळण्याचीही भीती असते, तेव्हा दर तासा-दीड तासाने उठून चालायचं आणि पाणी प्यायचं. व्हीलचेअर मी तिकिटासोबतच सांगून ठेवणार आहे, दोघांसाठी. बाबा, वाद नको. सिंगापूरचा विमानतळ आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि तुम्ही चालत असाल तर ती काही बसायची नाही.

तुमची,
मनू